दवाखान्याचा दुभाषी

अहेरीहून आलापल्लीकडे जाताना रस्त्याला लागून एक तीस खाटांचा दवाखाना आहे. तिथे नवा डॉक्टर रुजू झाला, की पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याच्या कानाशी लागायचं, "सर, औषधं कुठी ठेवली थे मागून पाहा. आधी पोचूभाऊशी ओळख करून घ्या." डॉक्टर हसायचा. दुसऱ्या दिवशी ओपीडीत पहिला पेशंट समोर येऊन बसला, की त्याला त्या सांगण्याचा अर्थ कळायचा.

पोचू वेलादी कागदोपत्री कक्षसेवक. स्ट्रेचर ढकलणं, चादरी बदलणं, सलाईनचा स्टँड इकडून तिकडे नेणं हे त्याचं काम. पण भामरागड-एटापल्लीच्या रानातून येणारी माणसं माडिया बोलतात, सिरोंच्याकडची तेलुगू, आणि डॉक्टर येतात ते नागपूर-वर्ध्याकडून, कधी तर पार साताऱ्याहून. नदीचे दोन काठ झाले. मधला डोंगा म्हणजे पोचू. सत्तावीस वर्षं तो या काठावरची दुखणी त्या काठावर नेत होता, आणि तिकडचं औषधपाणी इकडे आणत होता.

नुसता शब्दाला शब्द लावणारा माणूस तो नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" तर पोचू पेशंटला विचारायचा, "दुखणं लागलं तेव्हा धान उभं होतं का कापून झालं होतं? त्यानंतर तुमच्याकडचा बाजार किती वेळा भरला?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणायचा, "चाळीस दिवस धरा, सर." एकदा एक नवी सून पोट दुखतं म्हणून आली. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. पोचूनं पाहिलं, तिच्या मागे सासरा उभा होता. त्यानं सासऱ्याला चिठ्ठी काढायला पिटाळलं, ठमाबाई सिस्टरला आत बोलावलं, आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पोरगी भिंतीला सांगावं तसं सगळं सांगत गेली आणि पोचू भिंतीकडे पाहतच ते मराठीत करत गेला. त्या पोरीचा जीव त्या दिवशी वाचला असं ठमाबाई अजून सांगते.

ठमाबाई दुर्गे ही तिथली सगळ्यात जुनी सिस्टर. दोघांची नोकरी वर्षभराच्या अंतरानं लागलेली. ती पोचूला भाऊ म्हणायची आणि त्याच्याकडून चार-दोन माडिया वाक्यं शिकून तीच जन्मभर वापरायची.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात पोचू, त्याची बायको बुधरी आणि मुलगी मयुरी राहत. बुधरी त्याच्याच गावची, नदीपलीकडच्या वीस घरांच्या वस्तीतली. तिचं मराठी बाजारापुरतं. मोठं काही बोलायचं झालं की पोचू होताच. मयुरी आता घरूनच कॉलेजला जाणारी. लहानपणापासून वसतिगृहात वाढली. तिला माडिया कळायची, पण ती बोलायची नाही. आई माडियात विचारायची, मुलगी मराठीत उत्तर द्यायची, आणि पोचू मध्ये बसून दोन्हीकडे हसायचा.

पोचूला बीपीची गोळी चालू होती. पेशंटला तो बजावून सांगायचा, "गोळी सोडू नका, बरं वाटलं तरी सोडू नका." स्वतःची मात्र बरं वाटलं म्हणून सोडून दिली होती.

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी ओपीडी भरली होती. डॉक्टर अश्वजित खोब्रागडे, ब्रह्मपुरीचा तरुण मुलगा, दोन वर्षांपासून इथे होता. समोर एक बाई खोकणारं लेकरू घेऊन बसली होती. अश्वजितनं काही विचारलं. पोचू बाईकडे वळला आणि मराठीतच बोलू लागला. पण बाई नुसती पाहत राहिली. मग तो डॉक्टरांशी माडियात बोलला. रांगेतली दोन पोरं हसली. त्यांना वाटलं, पोचूभाऊ गंमत करतो आहे. पोचूलाही क्षणभर तसंच वाटलं, की आपण बरोबर बोलतोय आणि हेच सगळे गंमत करून राहिलेत. तेवढ्यात अश्वजित खुर्चीवरून उठला. पोचूच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता आणि हातातला केसपेपर जमिनीवर पडला होता.

दवाखान्यातच पडला म्हणून वाचला, असं सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. रानात लाकडाला गेला असता किंवा गावाकडे असता तर मदत मिळेपर्यंत दिवस तसाच गेला असता. पंधरा मिनिटांत ॲम्ब्युलन्स निघाली. ठमाबाई सोबत बसली. चंद्रपूरपर्यंत शंभराच्या वर किलोमीटर. पण गाठलं वेळेत, आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. तिसऱ्या दिवशी पोचूला नीट जाग आली तेव्हा घसा कोरडा पडला होता. पाणी मागायचं होतं. आयुष्यभर तीन भाषांत पाणी मागितलेला माणूस, पण तोंडातून आलं ते "एर". आईच्या बोलीतलं पाणी. खाटेजवळची नर्स नागपूरची होती, तिला कळेना. बुधरी कोपऱ्यात बसली होती. ती उठली आणि तिनं त्याला पाणी पाजलं.

हात सुधारला. आधी चमचा धरता आला, मग शर्टाची बटणं लावता आली. पाय तर महिन्याभरातच सरळ पडायला लागला. मराठीही हळूहळू परत आली, निदान लोकांना तसं वाटलं, कारण "कसे आहात, भाऊ?" याला "बरं आहे" म्हणण्याइतकी ती आली होती. गावाकडून माणसं भेटायला आली, कोंबडा घेऊन आली. जो तो म्हणाला, लकवा येऊन माणूस चालतो-फिरतो, मोठं नशीब. पोचूही मान हलवायचा.

मे महिन्यात तो कामावर परत गेला.

तेंदूपानाचा हंगाम होता. रानात राबणारी माणसं ऊन लागून, विंचू चावून, जुलाब लागून येत होती. ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले, "विचारा, उलट्या कधीपासून?" त्याच वेळी दारातून ठमाबाई म्हणाली, "भाऊ, थो स्टँड आणा ना." कोणाचं लेकरू रडत होतं, डोक्यावर पंखा खडखडत होता. पूर्वी पोचू या सगळ्यातून हवा तेवढाच आवाज वेचून घ्यायचा. आता सगळे आवाज एकाच मापाचे झाले होते. पंखाही तेवढाच मोठा, डॉक्टरही तेवढेच मोठे. "उलटी" हा शब्द समोर दिसत होता पण हाताला लागत नव्हता. तो स्टँड आणायला निघाला आणि दारापर्यंत गेल्यावर कशासाठी निघालो तेच विसरून उभा राहिला.

असे आठ दिवस त्यानं काढले. कोणाला काही सांगितलं नाही. नवव्या दिवशी डॉक्टरांनी एका तरुणाला गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "रिकाम्या पोटी घेऊ नको म्हणावं." पोचूनं माडियात सांगितलं. ठमाबाई पट्टी बांधत होती. गोळ्यांचं हे वाक्य तिला येणाऱ्या चार-दोन वाक्यांतलंच, तिचे हात थांबले.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "काय सांगितलं तुमी त्याले?"

पोचूनं आठवून पाहिलं. त्यानं सांगितलं होतं, रिकाम्या पोटी घे.

ठमाबाईनं तिथल्या तिथे दुरुस्त केलं. तरुण काही न समजता गोळ्या घेऊन गेला. पोचूला कोणी बोल लावला नाही. पण सत्तावीस वर्षांत त्याच्या तोंडून उलटं औषध गेलं नव्हतं. तो दुपारी घरी आला, निळा शर्ट काढून खुंटीला लावला, आणि दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

पावसाळा लागला. पोचू घरामागे बाजेवर बसून राहायचा. दाढी वाढली. बाजाराला जाईना, कारण मागच्या वेळी कांदे आणायला गेला आणि तीन तासांनी विळा घेऊन परत आला होता. एकदा चहा करायला उठला. पाणी ठेवलं, गॅस पेटवला, आणि पुढे काय ते सुचेना. पाणी आटून भांडं करपेपर्यंत तिथेच उभा. बकरीचं पिल्लू मेलं तर तासभर रडला, आणि मग कशासाठी रडतोय तेही त्याला कळेना. लोक यायचे. एक शेजारी दारात उभा राहून दुसऱ्याला म्हणाला, "हात हालते, पाय हालते, जेवते. मंग झालं काय याले? आराम खाऊन राह्यला." पोचूनं ते ऐकलं. त्याला वाटलं, यापेक्षा पाय मोडला असता तर बरं. मोडलेला पाय लोकांना दिसतो.

पोचू-बुधरीचं आपसांतलं बोलणं माडियातलं. ते इथे मराठीतच सांगावं लागणार. एका संध्याकाळी तो जेवायला बसला होता. बुधरी म्हणाली, "भाजी अजून घे." त्याच वेळी मयुरी म्हणाली, "बाबा, उद्या फॉर्मवर सही पाहिजे." टीव्हीवर जाहिरात चालू होती. पोचूच्या डोक्यात एकदम सगळं गर्दी करून आलं आणि त्यानं ताट उचलून भिंतीवर मारलं.

घरात कधी कोणी कोणावर हात उगारला नव्हता. मयुरीनं टीव्ही बंद केला. बुधरी खाली बसून भात गोळा करू लागली. पोचूला म्हणायचं होतं, चुकलो. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला हसू आलं. आतून रडू येत होतं, बाहेर हसू फुटत होतं, आणि ते थांबवता येत नव्हतं. बुधरीनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, आणि ती पाहून पोचूचं हसू गेलं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कशाले वाचलो मी?"

बुधरीनं गोळा केलेला भात बाहेर नेऊन टाकला.

पुढे काय झालं ते पोचूला पुष्कळ दिवसांनी ठमाबाईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुधरीनं आधी गावाकडची वाट धरली. पेनासमोर, म्हणजे गावच्या देवासमोर, नारळ ठेवला आणि पुजाऱ्याला विचारलं. म्हातारा पुजारी शहाणा होता. तो म्हणाला, "देवाचं मी पाहतो. तू दवाखान्याचं पाह्य." ती तशीच परतीच्या गाडीनं दवाखान्यात आली. सत्तावीस वर्षं ती त्या इमारतीच्या मागे राहत होती, पण डॉक्टरांशी स्वतःच्या तोंडानं कधी बोलली नव्हती. तिचं बाळंतपण झालं तेव्हासुद्धा बोलला पोचूच. त्या दिवशी ती ओपीडी संपेपर्यंत दाराशी उभी राहिली, मग आत गेली आणि आपल्या बाजारी मराठीत म्हणाली,

"डॉक्टर, मानूस घरी हाय. पन घरी नाई."

अश्वजितनं पेन खाली ठेवलं. "बसा, वहिनी."

ती बसली नाही. उभ्यानंच सांगत गेली. शब्द अडला की हातानं दाखवत गेली: ताट कसं फेकलं, हसला कसा, चहाचं भांडं कसं करपलं. ठमाबाई मदतीला पुढे झाली, तर बुधरीनं तिला थांबवलं. शेवटी म्हणाली, "कशाले वाचलो म्हनते. तुमी वाचवलं. आता तुमीच सांगा त्याले."

त्याच संध्याकाळी अश्वजित घरी आला. बाजेवर पोचूच्या शेजारी बसला. खूप वेळ काही बोललाच नाही, आणि पोचूला तेच आवडलं.

मग म्हणाला, "पोचूभाऊ, लकवा हाताले झाला असं आपण म्हणतो. होतो थो डोक्यात. हात दिसते, म्हणून लोकं हात पाहतात. डोक्यातली जखम कोणाले दिसत नाही." थांबला. पोचूचं ऐकून होऊ दिलं. "लक्ष न लागणं, शब्द न सापडणं, एकाच्या मागं एक काम न सुचणं, हे सारं त्या जखमेचं आहे. हसू येणं, रडू येणं, तेही. तुमी आळशी नाही झाले. तुमी बिघडले नाही."

"आन हे?" पोचूनं छातीवर हात ठेवला.

"मन खचलं थे? थेही त्याचंच. लकवा झालेल्या पुष्कळ लोकांले होते. त्याले औषध आहे."

पोचूनं खूप शोधून एक वाक्य जुळवलं. "सगळं... वापस येते का?"

"सगळं येईन असं मी नाही सांगत," अश्वजित म्हणाला. "काही येईन. काही वळसा घालून येईन. आणि बीपीची गोळी आता सोडाची नाही."

पोचूला हे उत्तर फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत त्याच्याशी खरं बोलणारा हा पहिलाच माणूस होता.

जाण्याआधी अश्वजितनं एक खेळ घेतला. म्हणाला, एका मिनिटात जेवढी आठवतील तेवढी जनावरं सांगा. पोचूनं मराठीत गाय सांगितली, बकरी, कुत्रा, आणि परत गाय. मग गाडी अडली. "आता माडियात सांगा," डॉक्टर म्हणाला. पोचूनं डोळे मिटले, आणि अस्वल निघालं, सांबर निघालं, साळू, मुंगूस, झाडावरची मोठी लाल खार. अडखळत, पण एकामागून एक. मिनिट संपलं तरी तो थांबेना. बुधरी तोंडाला पदर लावून हसत होती, कारण मध्येच त्यानं आपल्या मेव्हण्याचंही नाव घेतलं होतं.

त्या दिवसापासून घराला नवे नियम लागले. एका वेळी एकानंच बोलायचं. जेवताना टीव्ही बंद. दुपारी तासभर झोप, कारण विचार करूनही माणूस थकतो हे आता सगळ्यांना समजलं होतं. गोळी बुधरी स्वतः हातावर ठेवायची. मयुरीनं ओट्याच्या वरच्या भिंतीवर चहाची पाच चित्रं काढून लावली: भांडं, पाणी, साखर, पत्ती, गाळणी. पोचूला पहिल्या दिवशी त्याचा राग आला. बालवाडीतल्या पोरासारखं आपल्याला भिंतीवर शिकवावं! तीन दिवस त्यानं तिकडे पाहिलंही नाही. चौथ्या दिवशी घरात कोणी नव्हतं. बुधरी परत आली तेव्हा गॅसजवळ दोन कप भरून ठेवले होते. साखर जास्त होती. ती सगळा चहा प्यायली.

आणि रोज दिवेलागणीच्या आधी मयुरी त्याच्यासमोर बसायला लागली. घरातली वस्तू उचलायची आणि विचारायचं, "बाबा, हे आपल्यात काय?" तो माडियात सांगायचा. ती त्याला मराठी शब्द परत द्यायची. सुरुवातीला हे बापासाठी होतं. पण वसतिगृहात मुली हसतील म्हणून जी बोली तिनं दहा वर्षं जिभेखाली दाबून ठेवली होती, ती आता तिची तिलाच हवीशी वाटू लागली. ती चुकायची. एकदा तिला 'आजीला घरी बोलव' म्हणायचं होतं, आणि ती 'आजीला शिजव' म्हणून बसली. पोचू हसला. पोटभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बुधरी दारात येऊन पाहू लागली. या वेळी हसू हसायच्या जागेवरच आलं होतं.

गोळ्यांनी असेल, झोपेनं असेल, की घरातल्या या तिघांच्या शाळेनं असेल. दसऱ्यापर्यंत पोचूच्या छातीवरचं ओझं पुष्कळ उतरलं. एका सकाळी त्यानं आपणहून आरसा मागितला आणि दाढी केली. मयुरीसोबत बाजाराला गेला. कांदे घेतले, आणि कांदेच घेऊन आला.

दिवाळीनंतर तो परत कामावर रुजू झाला. ओपीडीच्या गर्दीत आता पेशंटचं बोलणं डॉक्टरांना सांगायला एटापल्लीकडची एक मुलगी होती. चुणचुणीत होती. तिला पाहून पोचूच्या मनात पहिल्या दिवशी कळ उठली, ती तो लपवत नाही. त्याला बाजूची खोली दिली. सकाळचे दोन तास, दार लोटलेलं, एका वेळी एकच पेशंट. ठमाबाईनं नियम घातला: भाऊनं जे सांगितलं ते पेशंटनं परत सांगायचं, आणि तीही कान देऊन बसणार. "तुमच्यासाठी नाही जी," ती म्हणाली, "साऱ्यांसाठीच चांगलं आहे हे." हे ती त्याचं मन राखायला म्हणाली की खरंच, पोचूनं विचारलं नाही. त्याला फक्त एवढं कळलं की खोलीत बसून त्याला एकही चूक एकट्यानं पचवावी लागणार नव्हती.

फेब्रुवारीत डोमा पुंगाटी आला. दूर रानातल्या गावचा, साठी उलटलेला. बायकोला, इतवारीला, आधी सायकलवर आणि मग एसटीनं घेऊन आला होता. दोन महिन्यांपूर्वी तिचा हात लुळा पडला होता. तो आता बराचसा सुधारला होता. पण ती पाण्याच्या हंड्यात सरपण घालायची, विहिरीची वाट चुकायची, सुनांच्या अंगावर धावायची आणि मग बसून रडायची. गावातले म्हणत, कोणीतरी काही केलं. सुना म्हणत, म्हातारी काम नको म्हणून नाटक करते. डोमाला दोन्ही पटत नव्हतं आणि तिसरं काही माहीत नव्हतं.

अश्वजितनं तपासलं आणि समजावून सांगितलं. त्या मुलीनं ते चोख माडियात सांगितलं. डोमा मान हलवत राहिला. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "मग ही नाटक सोडेल कधी?"

अश्वजितनं दोघांना पोचूच्या खोलीत पाठवलं.

पोचू खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर इतवारीसमोर बसला. जोहार केला. विचारलं, "बाई, काय त्रास होतो?" आणि थांबला. इतवारी हाताची बोटं चोळत राहिली. डोमा तिच्या वतीनं बोलू लागला, तेव्हा पोचूनं हात वर केला. "तिले बोलू दे." पूर्वीचा पोचू कदाचित एवढा थांबला नसता, रांग मोठी असायची आणि त्याची जीभ चपळ होती. आता त्याला घाई करताच येत नव्हती. खिडकीबाहेर दोन गाड्या गेल्या. ठमाबाई हातातलं कापड घडी करायचं थांबवून उभी राहिली.

इतवारी म्हणाली, "सगळे एकदम बोलतात."

पोचू तिच्याकडे जरा सरकला. मग तो म्हणाला, "माझ्याशीही."

तिनं पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

मग पोचू डोमाकडे वळला आणि सांगू लागला. अडखळत, मध्येच शब्द शोधत, एकदा तर पार विसरून, "थांब, येतो" म्हणत. "तुझ्या गावाहून नदीवर जायची वाट तुले माहीत हाय ना? वादळात त्या वाटेवर मोठं झाड पडलं, तर नदी कुठी जाते का? नदी तिथीच राह्यते. पण तुले वळसा घालावा लागते. काट्यातून जावं लागते. उशीर होते. त्यात मागून चार लोकं ओरडले, लवकर ये, लवकर ये, तर तू काय करशील?"

"शिव्या देईन," डोमा म्हणाला.

"ही तेच करून राह्यली."

डोमानं इतवारीकडे वळून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "नाटक नाही?"

"मी नाटक करतो का, डोमा? तुझ्या लेकाले घेऊन तू इथी आलता, तवा मी कसा बोलत होतो, आठवते? आता पाह्य."

डोमानं पाहिलं. ज्या माणसानं एकेकाळी डॉक्टरांचं अख्खं बोलणं एका दमात त्याच्यापर्यंत आणलं होतं, तो एकेक शब्द ओझं उचलल्यासारखा उचलत होता.  इतवारीच्या मांडीवरचं गाठोडं त्यानं आपल्याकडे घेतलं आणि तिच्या बाजूला सरकून बसला. पोचूनं त्याच्याकडून घरचे नियम पाठ करून घेतले: एकानं बोलायचं, एक काम सांगायचं, दुपारी झोपू द्यायचं, गोळी सोडायची नाही, रडली तर रागवायचं नाही. डोमानं दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर म्हणून दाखवलं. पोचू त्याला म्हणाला, तुझंही डोकं तपासून घ्यायला पाहिजे. तेव्हा इतवारी हसली.

तेव्हापासून लकव्याचा पेशंट घरच्यांसह आला, की अश्वजित त्याला आधी बाजूच्या खोलीत पाठवतो. पोचू अजून गर्दीत गांगरतो. तेलुगू जवळजवळ गेलीच. सिरोंच्याकडची माणसं आली की त्याला हात जोडावे लागतात. कधी एखादा दिवस असा उगवतो की बाजेवरून उठावंसं वाटत नाही, आणि त्या दिवशी घरात कोणी त्याला उठवत नाही. पण "कशाले वाचलो" हे तो आता म्हणत नाही. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचं नाव हरिदास, ते तो विसरायचा. मयुरीकडून वहीत लिहून घेतलं, आणि एके दिवशी अहेरीत तो भेटला तेव्हा खिशातली वही काढून, नाव वाचून, त्याला हाक मारली आणि रस्त्यातच त्याचे दोन्ही हात धरले. ठमाबाई निवृत्त झाली तेव्हा त्यानं भाषण केलं. तीन वाक्यांचं होतं. दोन मराठीत, एक माडियात. त्या एका वाक्याला ठमाबाई रडली, कारण तेवढं तिला येत होतं.

डोमा येऊन गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, दोघं नवरा-बायको मोहफुलं वेचायला गावाकडे गेले. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. पोचू डाव्या हातानं भराभर आणि उजव्यानं हळूहळू वेचत होता. वेचता वेचता थांबला.

"तू गेलती डॉक्टरकडं," तो म्हणाला. "एकटी. मले मालूम हाय."

बुधरीनं टोपली पुढे सरकवली. "मंग?"

"कशी बोलली?"

"जसं आलं तसं."

पोचूनं पुढचं वाक्य बराच वेळ शोधलं. बुधरी घाई न करता वेचत राहिली. नवऱ्यानं बायकोचे आभार मानायची आपल्याकडे रीत नाही, आणि त्याची तशी काही तयारीही नव्हती.

"जन्मभर मी साऱ्यांचं बोललो," शेवटी तो म्हणाला. "माझं तू बोलली."

बुधरीनं त्याच्याकडे पाहिलं, मग वर झाडाकडे, मग तापत चाललेल्या आभाळाकडे.

"बोलत नको बसू आता," ती म्हणाली. "ऊन चढून राह्यलं. त्या बाजूची वेच, तिकडं जास्त पडली हायेत."

पोचू उठला आणि त्या बाजूला गेला.